काटोलची मंडी आणि एक उद्गारचिन्ह

काटोलच्या संत्रा व्यापाऱ्यांसाठी आम्ही एक साधी वेबसाइट केली होती. मंडी आज चालू की बंद, एवढं शेतकऱ्यांना घरबसल्या मोबाइलवर कळावं, बस. मी हुडकेश्वरच्या घरातून काम करायचे, माझा सहकारी बुटीबोरीहून.

पहिल्याच आठवड्यात तिथल्या एका वयस्कर व्यापाऱ्यांचा फोन आला. "मॅडम, मंडी भरून राहिली अन् तुमची साइट बंद सांगून राहिली. काहून?"

कोड उघडला. सहकाऱ्यानं लिहिलं होतं, 'सुट्टी नसेल तर चालू दाखव.' त्यातला 'नसेल' म्हणजे 'सुट्टी'च्या आधी ठोकलेलं एक उद्गारचिन्ह. कोडमध्ये ते 'हो'चं 'नाही' करतं आणि 'नाही'चं 'हो'. मी ते चिन्ह काढलं, पान 'चालू' दाखवायला लागलं, आणि मी जेवायला बसले.

मग खरीच सुट्टी आली. पान 'चालू'च. संत्र्यांची क्रेट घेऊन माणसं बंद फाटकासमोर उभी. या वेळी फोन सहकाऱ्याला गेला, आणि त्यानं मला न विचारता चिन्ह परत लावलं. दुसऱ्या दिवशी मंडी चालू, पान बंद. मी काढलं. त्यानं लावलं. वर मला सुनावलं, "'नाही'चं चिन्ह काढल्यावर अर्थ उलटा होणारच ना! तुला एवढंही दिसत नाही?"

डोकं उठलं. शेवटी त्याला म्हटलं, आता दोघांनीही हात लावायचा नाही. आणि व्यापारी साइटवर सुट्टी आहे-नाही नोंदवायला जे बटण दाबायचे, त्यातून येतं तरी काय, ते तपासलं. येत होता शब्द. सुट्टी नसली की 'फॉल्स' अशी अक्षरं. मशीनला अक्षरं दिसली की तिच्या लेखी ते 'हो'च, मग त्या अक्षरांचा अर्थ 'नाही' का असेना. म्हणजे सुट्टी असो-नसो, मशीनच्या मते रोज सुट्टीच. चिन्ह लावलं की कायम बंद, काढलं की कायम चालू. आम्ही दोघं इतके दिवस उगाच भांडत होतो.

शब्दाचं खरं हो-नाही करून घेतलं, चिन्ह जागच्या जागी ठेवलं. सहकारी म्हणाला, म्हणजे माझं बरोबरच होतं.

पान सुधारल्याचं कळवायला मी त्या वयस्कर व्यापाऱ्यांना फोन केला. ते खूश झाले. मग म्हणाले, "मॅडम, उद्या दुपारपर्यंतच मंडी हाय. अर्धी सुट्टी कशी टाकाची?"