नातवाचा गुडघा

नातू पडला आणि उठला नाही. मोबाईल तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवला होता. त्याच्या फुटबॉलच्या सामन्याला एकच कॅमेरा असतो, तोही लांबचा, त्यामुळे माणसं बोटाएवढी दिसतात. पण पळता पळता त्याचा पाय मागे राहिला आणि अंग पुढे गेलं, हे मला स्वच्छ दिसलं. त्यानं दोन्ही हातांनी उजवा गुडघा धरला. सून तव्यावरची भाकरी तशीच टाकून आली. मग चित्र अडकलं आणि पडद्यावर नुसतं चाक फिरत राहिलं.

"थांबा आत्या, व्हईल चालू," सून म्हणाली.

मी थांबले. त्या वेळी माझ्या मनात पहिलं जे आलं ते आधी लिहून टाकते, कारण नंतर मी त्यावर बरीच पांघरुणं घातली. मनात आलं, आता हा घरी येईल.

तो माझ्या लेकीचा मुलगा. लेक नर्स आहे. तिला इंग्लंडच्या दवाखान्यात नोकरी लागली तेव्हा पोर दीड वर्षाचं होतं. ती आणि जावई दोघंही कामावर, पोराला बघायला कोणी नाही. "थोडे दिवस ठेव आई," म्हणाली. ते थोडे दिवस तो सात वर्षांचा होईपर्यंत चालले. येडगावात, माझ्या घरात, माझ्या ताटात जेवून तो वाढला.

चार वर्षांचा असताना बॉल पाहिजे म्हणून हटून बसला. नारायणगावच्या पेठेत एका शेठजींच्या दुकानात गेलो. त्यांचे आजोबा मारवाडातून आले, पण शेठजी बोलतात आमच्यासारखंच. ते म्हणाले, "आजी, फुटबॉल इथं कोण घेतंय? व्हॉलीबॉल हाय, त्यो न्या. पायानं मारला तर त्यो काय तक्रार करनार न्हाई." तो व्हॉलीबॉल तीन वर्षं आमच्या गोठ्याच्या भिंतीवर आपटत होता. म्हैस दूध आखडायला लागली तेव्हा मी भिंत बदलायला लावली.

आमच्याकडे उसातून बिबट्या येतो. दिवस मावळायच्या आत पोरं घरात घ्यावी लागतात. मी दारातून हाक मारायची, "चल रं, आत हो."

"एकच गोल, आजी."

"गोल उद्या मार. आज आत हो."

पुढे तो तिकडे दिव्यांच्या उजेडात खेळायला लागला, तेव्हा फोनवर म्हणाला, "आजी, हितं बिबट्या न्हाई. कितीबी येळ खेळता येतं." बोलला साधंच. मला मात्र त्या दिवशी जेवण गेलं नाही.

सातव्या वर्षी त्याला घेऊन गेले. जाताना माझ्यासाठी रडला नाही, बॉल सामानात मावत नव्हता म्हणून रडला. तो बॉल हवा गेलेला आमच्या माळ्यावर आहे. साफसफाईत कोणी त्याला हात लावला की मी ओरडते. तेवढं सोडलं तर मी त्याबद्दल कोणाशी बोलत नाही.

त्याच्या आईचं बोलणं तिकडे जाऊन सुधारलं. याचं मराठी सातव्या वर्षी होतं तिथंच थांबलं. आता सहा फुटांचा बाप्या झाला, तरी फोनवर म्हणतो, "आजी, लई भूक लागली व्हती." फोन कानाला लावून डोळे मिटले की मला वाटतं, गोठ्यामागूनच बोलतोय.

तिथं एका मोठ्या क्लबाच्या मुलांच्या संघात त्याला घेतलं होतं. अठराव्या वर्षी त्यांनी त्याला सोडून दिलं. मग एका लहान गावाच्या क्लबानं ठेवलं. पगार थोडा, म्हणून सकाळी एका गोदामात खोकी भरायची आणि दुपारी सराव. तो सगळ्यांत पुढे खेळतो, गोल मारायचं काम त्याचं. सुरुवातीचे कित्येक महिने एकही गोल झाला नाही, तेव्हा क्लबानं त्याला काही दिवसांसाठी आणखी लहान क्लबाकडे पाठवलं. लेक फोनवर रडली. "आई, त्याला उसना दिला गं दुसऱ्यांना."

मला त्यात रडण्यासारखं काही वाटलं नाही. आमच्या जुन्नर-आंबेगावात यात्रेला बैलगाडे पळतात. गाड्याला चार बैल लागतात आणि चारही एकाच मालकाचे क्वचित असतात. एकाची जोडी पुढे, दुसऱ्याची मागे, असं जुळवून घाट, म्हणजे शर्यतीचा चढ, चढवतात. आपल्या गाड्याला बैल पळत नसला तर दुसऱ्याच्या गाड्याला जुंपायला देतात. तिथं पळाला की परत आणतात. मी लेकीला तसंच सांगितलं.

"आई, तो बैल आहे का?"

"न्हाई. बैलाला तुझ्यासारखी रडकी आई नसती."

दूध घालायला डेअरीवर गेले की माणसं चौकशी करायची. एकजण नेहमी डिवचायचा, "आजी, नातू टीव्हीवर कधी दिसनार? आमी डोळं लावून बसलोय."

"त्यो दिसायच्या टीममधी न्हाई."

"मग कसल्या टीममधी हाय?"

"तुझा बैल दिसतो का रं टीव्हीवर? तरी दर यात्रेला गुलाल लावून मिरवतोस ना? तसंच त्ये."

त्या उसन्या क्लबाकडे त्यानं पहिला गोल मारला. कपडेसुद्धा न बदलता फोन केला. "आजी, मारला!"

"कशानं मारलास?"

"गुडघ्यानं. बॉल येऊन आदळला आन आत गेला."

उजव्याच गुडघ्यानं. मग आणखी गोल झाले, मूळ क्लबानं परत बोलावलं आणि खोकी भरायचं काम सुटलं. तिथला करार पुढच्या उन्हाळ्यापर्यंत होता. तो वाढला असता तर पोराचं बस्तान बसलं असतं. त्याला तेवढंच हवं होतं.

तो पडला त्याच्या आदल्या आठवड्यात त्याचा फोन आला. मी कोथिंबिरीच्या जुड्या बांधत होते.

"आजी, गुडघा दुखतोय गं. पळालं की सुजतोय."

"आईला सांगितलंस का?"

"न्हाई. ती नर्स हाय, ती बसवंल मला घरी. मी बसलो तर माझ्या जागी दुसरा उभा ऱ्हाईल."

"मग मला कशाला सांगतोस?"

"सांगितलं असंच. तू कुनाला बोलू नको."

"न्हाई बोलत," मी म्हणाले आणि पुढची जुडी बांधायला घेतली.

बोलले नाही. आठ दिवसांत लेकीचे तीन फोन आले. कांद्याची रोपं, धरणाचं पाणी, माझं डोळ्याचं औषध, सगळं बोलले. तेवढं सोडून.

मला कळत नव्हतं असं नाही. फार वर्षांपूर्वी आमच्या मालकांचा, माझ्या नवऱ्याचा, एक बैल होता, पुढे पळणारा. आंबेगावच्या एका यात्रेला नेताना त्याचा पाय सुजला होता. मालकांनी हळद-तेल चोळलं आणि विचारील त्याला "ठणठणीत हाय" म्हणून सांगितलं. बैल घाटाच्या निम्म्यावर बसला, तो परत कधी पळाला नाही. त्या वेळी मी मालकांना चार लोकांत बोलले होते, "त्याला तोंड न्हाई, तुमाला तर व्हतं ना?" ते महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. आणि माझ्या नातवानं तर स्वतःच्या तोंडानं मला सांगितलं होतं.

त्या संध्याकाळी चित्र पुन्हा सुरू झालं तेव्हा त्याला झोळीत घालून नेत होते. दुसऱ्या दिवशी लेकीचा फोन आला. गुडघ्यातला हाडं बांधून ठेवणारा पट्टा तुटला, ऑपरेशन करावं लागेल, हे वर्ष गेलं.

"आई, तुला काही बोलला होता का तो? आधीपासून दुखत असणार."

"न्हाई," मी म्हणाले.

पौषात तो आला. ऑपरेशन होऊन गेलं होतं, क्लबानं तीन आठवडे सोडलं होतं. माझ्या मनासारखं झालं. मी रोज त्याला करून घालत होते आणि तो खातही होता. पण शनिवारी जेवणं उरकली की तो मोबाईल घेऊन भिंतीला टेकून बसायचा. त्याचा संघ खेळत असायचा आणि त्याच्या जागी दुसरा पोरगा. गोधडीखाली याचा पाय हलायचा, बॉल मारल्यासारखा. मी दोन शनिवार ते बघितलं. तिसऱ्या शनिवारी मी आत जाऊन बसले.

डॉक्टरनं त्याला सावकाश पायऱ्या चढायला सांगितल्या होत्या. म्हणून आम्ही लेण्याद्रीला गेलो. माझेही गुडघे गेलेले. निम्म्यावर दोघंही कठड्याला टेकून बसलो. डोलीवाला आला.

"आजी, डोली करू का?"

"मला नको. ह्याला इचारा."

त्यानं नातवाकडे खालून वर बघितलं. "एवढ्या दांडग्याला? आजी, चार मानसं लागतील, आमी दोघंच हाय." नातू मोठ्यानं हसला. तो पडल्यापासून मी त्याचं हसणं ऐकलं नव्हतं. डोलीवाला गेला. मग मी बोलले.

"तुझा गुडघा दुखतोय हे मी तुझ्या आईला सांगायला पायजे व्हतं."

"मीच नको म्हनालो व्हतो."

"तू म्हणालास म्हणून न्हाई गप बसले. तसंच खेळून तिथलं सुटलं तर तू हिकडं येशील, म्हणून गप बसले."

एक माकडीण खालच्या पायरीवर पिल्लाच्या डोक्यातलं काढत होती.

"मला ठाव व्हतं," तो म्हणाला.

"काय ठाव व्हतं?"

"तू सांगनार न्हाईस. म्हनून तर तुला सांगितलं."

मी का सांगणार नाही, हेही त्याला ठाऊक होतं का, ते मी विचारलं नाही. त्यानं हात दिला, मी उठले. वर देवापर्यंत गेलो नाही. उतरताना जास्त दुखतं, दोघांचंही.

उन्हाळ्यात क्लबानं त्याला ठेवलं नाही. आणखी खालच्या एका क्लबानं पारखून घेतलं. तिथं शनिवारी खेळायचं आणि एरवी पुन्हा गोदामात खोकी भरायची. उजव्या पायानं तो आता जरा आखूड पळतो. लांबच्या कॅमेऱ्यातून दुसऱ्या कोणाला दिसणार नाही, मला दिसतं. अजूनही शनिवारी मोबाईल डब्याला लावते आणि अजूनही वाटतं, यावा. पण त्याचा पाय अडखळला की मी उठून उभी राहते.

लेकीला हे मी तोंडानं सांगितलेलं नाही. ती वाचेल तेव्हा तिला कळेल. पडला तो तिचा मुलगा. त्याचा गुडघा दुखतोय हे त्याच्याशिवाय एकाच माणसाला माहीत होतं. ते माणूस मी.