आप्पांनी पांघरलेलं हिरवं लुगडं

चौसाळ्यात हायवेला लागून आमच्या मन्मथप्पांचं किराणा दुकान आहे. रस्त्यानं येणाऱ्याला दुकानाच्या पाटीआधी आप्पा दिसतात. पांढरा नेहरू शर्ट, पांढरं धोतर, पांढरी टोपी, सगळं कडक इस्त्रीचं. थोरला मुलगा जन्मला त्या साली ते सोसायटीचे चेअरमन झाले. वर्षभरात पद गेलं, पण कपडे राहिले. हळदीच्या पोत्याशेजारी दिवसभर बसूनही त्यांच्या बाहीला डाग पडत नाही, असं गावात कौतुक आहे. ते डाग रोज घासून काढणाऱ्या शिवकांताकाकूंसमोर मात्र हे कौतुक कुणी करत नाही.

आप्पा माझे चुलते. मी बीडला सोलर पंप बसवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर आहे, त्यामुळे घरातलं कुठलंही नियोजन माझ्याकडे येतं. या मे महिन्यात आलं ते जंगलाचं. आप्पांची नात शिवांजली पाचवीत आहे. तिनं शाळेच्या लायब्ररीतल्या पुस्तकात धनेश पक्ष्याबद्दल वाचलं होतं. मादी झाडाच्या ढोलीत स्वतःला कोंडून घेते, चिखलानं ढोलीचं तोंड लिंपते, फक्त एक फट ठेवते, आणि पिल्लू मोठं होईपर्यंत नर त्या फटीतून तिला भरवतो. हे तिनं आप्पांना वाचून दाखवलं तेव्हा आप्पा गुळाची ढेप फोडत होते.

"पुस्तकात काहीबी लिवतेत," ते म्हणाले.

झालं. आप्पांना हे त्यांच्या डोळ्यांनी दाखवायचं, असं पोरीनं ठरवलं. तिचे आईवडील दुकान सांभाळायला मागे थांबणार होते. मी, आप्पा, काकू आणि ती, असे चौघं दोन रात्रींसाठी कोकणात तिळारीच्या जंगलात म्हाळूदादाच्या घरी उतरणार होतो. म्हाळूदादा तिथलाच. घरातल्या दोन खोल्या पाहुण्यांना देतो आणि जंगल दाखवतो. त्यानं फोनवर नियम सांगितले. ढोलीपासून साठ पावलं लांब बसायचं, अर्ध्या तासाच्या वर थांबायचं नाही, कुणाला काही खाऊ घालायचं नाही, गाणी लावायची नाहीत, आपला कचरा आपल्या गावी न्यायचा, भडक कपडे आणायचे नाहीत. मी ते नीट टाइप करून घरच्या ग्रुपवर टाकले.

आप्पांना शेवटचा नियम फार आवडला. निघायच्या दिवशी त्यांनी सगळ्यांच्या बॅगा तपासल्या. काकूंचं नारिंगी लुगडं बाहेर आलं, शिवांजलीचा गुलाबी फ्रॉक बाहेर आला, माझी लाल टोपी बाहेर आली.

"रानात जायचंय, वरातीत न्हाई," आप्पा म्हणाले, आणि स्वतःच्या बॅगेत चार पांढरे जोड रचून ठेवले. त्यांच्यापेक्षा साधे कपडे घरात कुणाचे नव्हते, हे आम्हालाही पटलं होतं. पांढरा हासुद्धा एक रंग असतो, हे ना त्यांच्या ध्यानात आलं, ना नियम टाइप करणाऱ्या इंजिनिअरच्या.

पहिल्या पहाटे म्हाळूदादानं आप्पांना वरपासून खालपर्यंत पाहिलं. "आप्पा, दुसरं काही आणलंय का घालायला?"

"हाय की. असेच आजून तीन जोड हायेत."

वयाचा मान ठेवून त्यानं वाट धरली. आम्ही चालू लागलो. हिरव्यागार अंधारात आप्पांच्या धोतराची इस्त्री पावलागणिक कुरकुरत होती. साठ पावलांवर फांद्यांचा आडोसा होता, त्यामागे बसलो. थोड्या वेळानं पंखांचा मोठा आवाज झाला आणि नर समोरच्या झाडावर उतरला. गळा फळांनी फुगलेला. त्यानं मान वाकडी करून आमच्याकडे पाहिलं आणि उडून गेला. परत आला, परत पाहिलं, परत गेला.

म्हाळूदादा उठला. "चला. आपण बसून राहिलो तर ती आत उपाशी राहील."

"पण तो आला का नाही ढोलीपाशी?" शिवांजलीनं विचारलं.

म्हाळूदादा जमिनीकडे बघत म्हणाला, "पांढरं त्याला लांबून दिसतं."

म्हाळूदादाच्या घरापर्यंत आप्पा धोतराचा सोगा मुठीत धरून चालले. ओट्यावर बसल्यावर त्यांनी विचारलं, "म्हंजी भडक मीच होतो का?"

"पस्तीस वर्सं झाली, मी काय सांगायलेय?" काकू म्हणाल्या.

संध्याकाळी आप्पांनी जाहीर केलं, "उद्या तुमी जा. मी हितंच बसतो."

"मग मीबी जात न्हाई," शिवांजली म्हणाली. "मला म्हाईतच हाय. तुमालाच दाखवायचं होतं."

उद्याची सकाळ शेवटची होती. मी माझा तपकिरी टी-शर्ट दिला; तो आप्पांच्या खांद्यापर्यंत गेला आणि तिथंच अडकला. म्हाळूदादा अंगानं माझ्या निम्मा. त्याच्या चादरी फुलाफुलांच्या. तेवढ्यात काकू आतून गडद हिरवं इरकली लुगडं घेऊन आल्या.

"हे घ्या."

"ह्याचं काय करू?"

"पांघरा. नेसा म्हणले का मी?"

आप्पांनी माझ्याकडे पाहिलं. "सोम्या, तू एवढा शिकलास. दुसरा काई उपाय?"

मी लुगड्याची लांबी मोजायला घेतली. आप्पांनी नातीकडे पाहिलं. तिनं लुगड्याचं दुसरं टोक धरलं होतं.

पहाटे काकूंनी त्यांना लुगड्यात गुंडाळलं. नऊ वार कापड, त्यात धोतरही बुडालं. टोपी काढली तर आत केस पांढरेच. मग पदर डोक्यावरून घ्यावा लागला. आप्पांनी कपाळावरच्या विभूतीच्या पट्ट्यांकडे बोट केलं. "आन ह्याचं?"

"असू द्या," म्हाळूदादा म्हणाला. त्याचा चेहरा जराही हलला नाही. "तेवढं चालतं त्याला."

"फोटू काढायचा न्हाई बे," आप्पांनी मला बजावलं.

आडोशामागे बसलो. समोर दिसेल त्यावर काहीतरी बोलल्याशिवाय आप्पांना राहवत नाही, पण त्या दिवशी त्यांनी पदराचं टोक मुठीत धरून तोंडावर दाबलं होतं. नर आला. समोरच्या झाडावर बसला, मान वाकडी करून पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग सरळ ढोलीपाशी गेला. गळ्यातून एक फळ वर काढलं, चोचीच्या टोकावर धरलं आणि फटीत दिलं. आतून एक चोच पुढे आली आणि फळ घेऊन मागे गेली. मग दुसरं, मग तिसरं. शिवांजली पक्ष्याकडे बघतच नव्हती, ती आप्पांकडे बघत होती.

अर्धा तास भरला तेव्हा सगळ्यांच्या आधी आप्पा उठले. बरंच अंतर चालल्यावर ते हळूच म्हणाले, "आतून चोच आलती."

"हां."

"हेबी पुस्तकात हाय का?"

"हाय."

"मग बरूबर लिवलंय."

काकू मागून येत होत्या. "सगळं तिला देलं त्यानं, बघितलं का? आन मी बाळंतीण होते तवा तुमी कुटं होते?"

"बीडला. मीटिंग होती."

"पांढरे कपडे घालून," काकू म्हणाल्या.

परतीच्या गाडीत कचऱ्याची पिशवी आप्पांच्या मांडीवर होती. त्यांनी ती कुणाला दिली नाही.

आता दुकानात तेल घ्यायला आलेल्यालाही धनेश ऐकावा लागतो. साठ पावलं, ढोली, फट, सगळं आप्पा रंगवून सांगतात आणि नेमकं एका ठिकाणी पुढं सरकतात. आतून काकूंचा आवाज येतो, "अंगावर काय होतं तेबी सांगा की."

मध्यंतरी ते माल आणायला बीडला गेले आणि येताना मातकट रंगाचं कापड घेऊन आले. टेलरनं विचारलं, "कुणाचं माप घेऊ?"

"माझं."

टेलरनं टेप गळ्यात तशीच ठेवून दोनदा खात्री करून घेतली. शर्ट झकास शिवला, पण हाताच्या सवयीनं आप्पांचा म्हणून खळ घालून कडक इस्त्री मारून दिला. तिळारीला परत जायच्या पुढच्या मे महिन्याला अजून बराच अवकाश आहे, तरी त्या दिवसापासून दुपारी गिऱ्हाईक नसलं की पांढऱ्या शुभ्र कपड्यांतले आप्पा गादीवर बसून तो शर्ट दोन्ही हातांनी चुरगाळत असतात. शिवांजली मधूनच येते, बाही कानाशी धरून हलवून बघते आणि म्हणते, "आप्पा, आजून वाजतोय."