माशीवरचा दाणा

मला घासायची हौस फार. माहेर खामगावचं, वडील कचेरीत कारकून. घर दोनच खोल्यांचं, पण तांब्यापितळेची भांडी अशी लखलखीत की त्यांत पाहून कुंकू लावावं. लग्न होऊन मोताळ्याजवळच्या खेड्यात आले, तेव्हा सासूबाईंनी मी घासलेला गडू उलटसुलट करून पाहिला आणि शेजारणीला म्हणाल्या, "पोरगी कामाची हाय." त्या एका वाक्यावर मी दोन महिने तरंगत होते. याच हौसेपायी मी पुढं जी माती खाल्ली, ती गोष्ट सांगते.

आमच्या घरी ठासणीची बंदूक होती. घाटाच्या जंगलातून रानडुकरं उतरायची आणि भुईमुगाचं शेत नांगरल्यासारखं उकरून ठेवायची. म्हणून पीक राखायला सरकारनं गावाला एक बंदूक मंजूर केली होती. परवाना मामाजींच्या, म्हणजे माझ्या सासऱ्यांच्या नावावर होता. वीस वर्षं तिन्हीसांजेला आणि पहाटे तेच शेतांवरून फिरत. कुणाच्या बांधावर डुक्कर दिसलं की त्यांनाच हाक.

त्या बंदुकीची उस्तवार पाहावी. नळीच्या तोंडावर पितळेचा एक बारीक उंचवटा असतो, त्याला माशी म्हणतात. मागे, डोळ्याजवळ, पोलादाची पट्टी असते आणि तिला खाच. खाचेतून माशी पाहायची आणि माशीवर जनावर धरायचं, एवढीच ती विद्या, असं मामाजी म्हणत. पण त्या एवढ्याशा विद्येसाठी ते खाचेला दिव्याची काजळी धरत, म्हणजे उन्हात पोलाद डोळ्यांवर चमकत नाही. तेल द्यायचं तर तिळाचं, तेही मोराच्या पिसानं. करडीचं तेल वाळलं की चिकट होतं आणि खाचेत धूळ धरतं, म्हणून ते बंद. माशीवर त्यांनी चामड्याची टोपी शिवून घेतली होती. आमच्या घरात सणाला मुलांना नवी टोपी मिळत नसे, पण बंदुकीच्या माशीला होती.

हे सगळं मी पदराआडून पाहिलेलं. सुनेनं सासऱ्याशी बोलू नये असा रिवाज, आणि पदर नाकापर्यंत. मामाजी समोर बसलेले असले तरी मी सासूबाईंना म्हणायचं, "आत्याबाई, त्याहीले सांगा, पानी तापलं." मग मामाजी भिंतीकडे पाहून म्हणायचे, "हाव, येतो म्हना." तीन माणसं, दोन हातांवर बसलेली, आणि निरोप असा चाललेला जणू कुणी मलकापूरला राहतंय. मला पदरात हसू आवरत नसे.

त्या वर्षी दसऱ्याच्या आधी खबर आली की तहसिलीचे साहेब दौऱ्यावर निघालेत. पीक राखायच्या बंदुका म्हाताऱ्यांकडे पडून आहेत, कुणाला नेम येतो न येतो कोण जाणे, तेव्हा ते प्रत्येकाला मडक्यावर तीन बार काढायला लावणार. मडकं फुटलं तर परवाना पुढं चालू, नाहीतर बंदूक जमा. भुईमूग जमिनीत होता, ज्वारी दाण्यावर आली होती. बंदूक गेली असती तर सबंध गावाचं पीक डुकरांच्या तोंडी. मामाजी त्या दिवसांत गप्पच झाले होते. मला वाटलं, मोठ्या माणसाचा रागच असा असतो.

खंडेनवमीला सासूबाई आणि मी विळे, कुऱ्हाडी, वखराची पास, तिफणीचे फाळ, सगळं घासूनपुसून पाटावर मांडलं. बंदूक मामाजी स्वतः पुसत, पण ते शेतात होते. सासूबाई आंघोळीला गेल्या. मी खुंटीवरून बंदूक काढली. म्हटलं, खामगावच्या पोरीचा हात कळू दे यांना.

चामड्याची टोपी काढली तर माशीवर ज्वारीचा एक टपोरा दाणा चिकटलेला. बंदूक टांगायची ती ज्वारीच्या कणगीच्या वरच. दाणा उडाला असेल, तेलाला चिकटला असेल, मला त्यात नवल वाटलं नाही. नखानं निघेना, तेव्हा विळ्याच्या टोकानं खरवडला. खाली तपकिरी काहीतरी थापलेलं होतं, तेही खरवडलं. मग चिंच आणि राख लावून पितळेची माशी अशी घासली की सोन्याची वाटावी. दाणा अंगणात टाकला, तो चिमणीनं उचलला. टोपी परत घातली. दसऱ्याला टोपीवरच झेंडूचं फूल ठेवून पूजा झाली आणि माझ्या कामाकडे कुणी पाहिलं नाही म्हणून मी जराशी रुसलेसुद्धा.

दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब यायचे होते. मामाजी ओट्यावर बंदूक मांडीवर आडवी घेऊन बसले होते. टोपी काढलेली. अंगठा माशीवर फिरत होता, एकदा, दोनदा, बराच वेळ. मी दाराआडून पाहत होते. वाटलं, आता तरी म्हणतील, कोणी घासली वो एवढी? पण त्यांनी टोपी घातली आणि ते उठले.

गावाबाहेरच्या पडीक रानात मंडळी जमली. साहेब खुर्चीवर, मागे पाटील, माझा नवरा आणि सगळे पुरुष. साठेक पावलांवर बांधाला टेकून लाल मडकं ठेवलेलं. आम्ही बायका मारुतीच्या देवळाच्या भिंतीआड. मामाजींनी दारू भरली, गोळी ठासली, बंदूक खांद्याला लावली. बार झाला. मडक्याच्या हातभर वर, बांधाची माती उडाली.

"वर गेली," पुरुष म्हणाले.

पुन्हा भरली. पुन्हा तेच, हातभर वर. माझ्या शेजारी सासूबाई एकदम कुजबुजल्या, "वर काऊन जाऊन राह्यली? दाना हाय ना माशीवर?"

"कोनता दाना, आत्याबाई?"

"ज्वारीचा. म्याच बसवला लाखेनं. पितळेची माशी त्याहीले दिसत नाई आता, दोन वर्सं झाले. पांढरा दाना दिसते. मांगची पट्टी बी लोहाराकून तेवढीच उचलून घेतली. कोनाले सांगजो नको."

पट्टी उंच आणि माशी मी ठेंगणी करून ठेवलेली. ती खाचेत आणायची तर नळीचं तोंड वर करावंच लागणार, मग गोळी वर जाणार नाही तर काय होणार? मामाजी तिसरा बार भरत होते. कोनाले सांगजो नको, हे शब्द कानात पडले होते, डोक्यात शिरले नव्हते. डोक्यात एकच होतं, दाणा परत बसवला की मडकं फुटेल.

मी भिंतीआडून निघाले. पदर ओढून, नाकासमोर चालत, सगळ्या पुरुषांच्या मधून मामाजींपुढं जाऊन उभी राहिले. मागे सासूबाई "अवो, अवो" करत होत्या. मी मोठ्यानं म्हणाले, "मामाजी, माशीवरचा दाना म्या काढला. मले वाटलं कचरा हाय. लाख मी आनतो घरून, तुमी बसवा."

साहेब खुर्चीतून पुढं झुकले. "दाणा? माशीवर दाणा कशाला?"

तेव्हा मला कळलं मी काय बोलून बसले ते. मामाजींनी बंदूक खाली घेतली. साहेबांनी चांगल्या मनानं म्हटलं, "दाणा लावायचा असेल तर लावा, आजोबा. मी थांबतो."

"नाई साहेब," मामाजी म्हणाले. "दान्यानं माशी दिसते. मडकं नाई दिसत. सुनेनं बंदूक साफ केली, तिचं काई चुकलं नाई. माहे डोळे गेले हायेत. बांधाआड उद्या मानूस असला तं मले कसा दिसन?" आणि त्यांनी बंदूक दोन्ही हातांवर आडवी धरून साहेबांपुढं केली.

साहेबांनी बंदूक जमा केली, पण कागद तिथंच करायला घेतला. माझ्या नवऱ्याच्या नावानं परवाना व्हावा, तोवर शेजारच्या गावच्या बंदूकवाल्यानं इकडे फेरी मारावी, असं ठरलं. पीक वाचणार होतं. मला मात्र घरी जायला तोंड नव्हतं. सासूबाईंनी वाटेत जे ऐकवलं ते इथं लिहीत नाही. त्यांचंही चुकलं नाही.

घरी आले तर मामाजी ओट्याखाली अंगणात उभे. सासूबाई आत गेल्या. मध्ये निरोप न्यायला कुणी नव्हतं. मी पदराआडूनच विचारलं, "मामाजी, सकाळी तुमाले समजलं होतं ना? मंग दुसरा दाना काऊन नाई लावला?"

ते भिंतीकडे वळले नाहीत. माझ्याच दिशेला पाहत होते. "लाख मांगतली असती तं तुह्या सासूनं पयले इचारलं असतं, पयला दाना कोनं काढला. सनाचे दिवस. तू घरात नवी."

सकाळपासून हा माणूस माझ्याकडे बोट वळू नये म्हणून गप्प होता, आणि मी सबंध गावासमोर त्याचे डोळे उघड्यावर मांडून आले होते. मी पदर तोंडात कोंबला तरी हुंदका निघालाच.

"रडू नको वो माय," मामाजी म्हणाले. "दोन वर्सं अंदाजानं चालून राह्यलो होतो. आता इचारून चालता येईन." त्यांनी पाय पुढं टाकला आणि अधांतरी धरला. "ओट्याची पायरी कुठं हाय, सांग बरं."

"अजून एक पाऊल, मामाजी," मी म्हटलं.