वासुदेवकाकांचं वादळ

स्वतः करून पाहिल्याशिवाय वासुदेवकाका कुणालाही सल्ला देत नसत. मी अकोल्याहून बदलून शेंदूरजनाघाटला आलो, त्यांच्या दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, आणि सामान लावता लावता माझी पाठ धरली. काकांनी चौकशी केली. "गरम विटेचा शेक चांगला असते म्हनतात," ते म्हणाले. "पन म्या घेतला नाई कधी. उद्या सांगतो."

त्यांची पाठ ठणठणीत होती. म्हणून दुसऱ्या दिवशी त्यांनी बागेत एकट्यानं संत्र्यांचे क्रेट उचलले, पाठ दुखवून घेतली, संध्याकाळी वीट तापवून शेकली आणि कण्हत माझ्या दारात आले. "घ्या साहेब. फरक पडते." पुढं काही दिवस घरमालक आणि भाडेकरू दोघंही वाकून चालत होते.

"चाखल्याबिगर चव सांगू नये," असं ते नेहमी म्हणत. त्यांच्या एकुलत्या एका मुलीला, वैशालीला, बाळंतपणाच्या आधी डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं. आईनं, म्हणजे सुमनकाकूंनी, तसा स्वयंपाक सुरू केला, पण काकांनी लेकीला त्याबद्दल एक शब्द सांगितला नाही. आधी स्वतः अळणी जेवू लागले. "जमते बरं," असं सांगायला ते गेले, तोवर ती बाळंत झाली होती.

वैशालीचा नवरा अंदमानात वीजखात्यात होता. लेकराला घेऊन ती तिकडं गेली तेव्हा काकांनी मला विचारलं, "साहेब, समुद्र केवढा असते? अप्पर वर्धा धरनाएवढा?"

"त्याहून मोठा, काका."

"मंग पलीकडची पार दिसत नसन."

"नाही दिसत."

 काका म्हणाले, "अशा जागी देली म्या पोरगी."

काका जाऊन आता वर्ष होत आलं. त्यांची आठवण निघाली की गावातली माणसं एकच गोष्ट सांगतात. ते वादळ.

मे महिना होता. झाडाचं पान हलत नव्हतं, ऊन असं की कुत्रीसुद्धा रस्ता ओलांडत नव्हती. टीव्हीवर अंदमानच्या बेटांची माळ दिसत होती आणि तिच्याकडं सरकणारा एक पांढरा भोवरा. जावई रात्रंदिवस ड्यूटीवर, घरी वैशाली आणि तिचं लेकरू. तिचं घर काकांनी पाहिलेलं नव्हतं. तिकडचं नेटवर्क असं की व्हिडिओवर तिचा चेहरा दिसला की लगेच थिजायचा. टीव्हीवर मात्र किनाऱ्यालगतची पत्र्याची घरं दाखवत होते. त्यातलंच एक काकांनी मनानं तिचं ठरवून टाकलं.

"टिना बांधून घेतल्या पायजेत," ते म्हणाले.

"सांगा ना मग तिला," मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी त्यांना चोरी करायला सांगितली. आणि ते शिडी आणायला गेले.

त्या भर दुपारी आम्ही दोघांनी त्यांच्या छपराचे पत्रे दोरखंडांनी आवळले. एक टोक गोठ्याच्या खांबाला, एक कडुलिंबाला. वर वाळूची पोती ठेवली. मग काका खाली उतरले, हात धुतले आणि फोन लावला. "वैशू, दोर उभा नको बांधू, तिरपा बांध. उभा सरकते. म्या पायलं आताच."

"हो बाबा," पलीकडून आवाज आला. "आनखी काय करू?"

आणखी पुष्कळ होतं. क्रेटच्या फळ्या ठोकून खिडक्या बंद झाल्या. वारा काच फोडून आत येईल म्हणून खिडकीतला कूलर काढला. घराची भट्टी झाली. सुमनकाकू पदरानं वारा घेत म्हणाल्या, "अवो, वादळानं नाई, आपन उकडून मरू!"

"पोरगी तशीच बसली असन ना?"

 काकूंनी उठून पिण्याच्या पाण्याचे हंडे भरायला घेतले.

शेजारचे लोक कुंपणाशी जमले. "काका, इकडं झुळूक नाई अन् तुमी काय करून राहिले?" काका छपरावरून म्हणाले, "तुमी दोर धरा पयले."

दुसऱ्या दिवशी वैशाली फोनवर म्हणाली, किनाऱ्याजवळच्या लोकांना शाळेत हलवतायत. काकांनी गडबडीनं फोन ठेवला. कपड्याचं बोचकं, टॉर्च, चिवड्याचा डबा आणि काकूंना घेऊन ते जिल्हा परिषदेच्या शाळेत जाऊन बसले. तिथून त्यांनी फोन केला, "तू बी जाय शाळेत. फरशी थंडी हाय, लेकराखाली दुपट्टं..." एवढ्यात फोन तुटला. पुन्हा लागेना.

सुटीतल्या शाळेत माणसं आली हे ऐकून मुख्याध्यापक धावत आले.

"कोणती आपत्ती आहे?"

"वादळ."

"कुठं?"

"अंदमानले."

मुख्याध्यापकांनी कपाळाचा घाम पुसला. "काका, तिकडची माणसं तिकडच्या शाळेत जातील ना!"

"गेली असतीन त बरंच हाय. पन फोन बंद हाय गुरुजी. मले कसं कळन?"

 गुरुजींनी चौथीचा वर्ग उघडून दिला आणि पंखा लावला.

तो दिवस संपला, दुसरा उजाडला. फोन लागत नव्हता. काका शाळेतून हलायला तयार नव्हते. हसणारे शेजारीच आता पिठलं-भाकरी घेऊन येत होते आणि आले की परत जायला त्यांचा पाय निघत नव्हता. गुरुजी स्वतः बाकावर बसून मोबाइलवर त्या भोवऱ्याकडं पाहत होते.  काका फोन हातात धरून नुसते पंख्याकडं पाहत होते.  

दुपार कलल्यावर फोन वाजला.

"बाबा, आमी बरे हावो. नारळाची झाडं पडली, बंदराचा धक्का फुटला, पन वादळ बाजूनं गेलं."

 काकांनी फोन काकूंच्या हातात दिला आणि नळाखाली डोकं घालून बसले. बऱ्याच वेळानं उठले आणि गुरुजींना म्हणाले, "वर्ग झाडून देतो."

दिवाळीला वैशाली आली. ओसरीवर आम्ही सगळे आंबिया बहराची संत्री खात बसलो होतो. कुणीतरी वादळाचा विषय काढला आणि ती हसू लागली.

"बाबा, आमच्या घराले टिना कुठं हायेत? सरकारी क्वार्टर हाय, स्लॅबचं. वर आनखी एक मजला हाय."

काकांच्या हातातली फोड तशीच राहिली. "मंग दोर बांधला म्हने तू?"

"तुमी सांगत गेले, मी हो म्हनत गेली."

"अन् शाळेत?"

"नाई गेलो आमी. घरातच होतो."

आता काही खरं नाही, असं मला वाटलं. आयुष्यभर चाखून सल्ला देणाऱ्या माणसानं भलत्याच घराचा सल्ला दिला होता. काकू उठून आत जाऊ लागल्या. काका मात्र विचार करत होते.

"मंग स्लॅबच्या घरात काय करा लागते वादळ आल्यावर?"

"काई नाई बाबा. दार लावून गुपचूप बसून राहायचं."

काकांनी तिच्या मांडीवर झोपलेल्या नातवाकडं पाहिलं, मग तिच्याकडं.

"अन् ते मले जमलं असतं काय?"