सिस्टर दार वाजवतात

म्हातारी गेली तेव्हा मी नातीला खडकीला मिशनच्या सिस्टरांच्या वसतिगृहात ठेवलं. आता ती अठराची झाली, रविवारी भाड्याच्या खोलीत एकटी राहायला जाणार.

जाणाऱ्या प्रत्येक पोरीची सिस्टर परीक्षा घेतात. बाहेरून दार वाजवतात, जाडा आवाज काढून कधी गॅसवाला होतात, कधी घरमालक.

काल मला म्हणाल्या, "आजोबा, तुम्ही वाजवा. पडलोय म्हणा."

मी म्हणालो. पोरीनं धावत येऊन दार सताड उघडलं.

"नापास. साखळी लावून आधी बघायचं. आजोबांना कुणी धरूनही आणेल."

मी पुन्हा वाजवलं. फटीत नातीचा डोळा दिसला. "आजोबा, बाजूला कोण आहे?"

"पास," सिस्टर म्हणाल्या. त्यांचा आवाज कापत होता.

इतक्या पोरी धाडलेली बाई कापते, मग मी कुणाच्या भरवशावर झोपू?