रेडकाचा चीक

नव्वदच्या सुमारास पनवेलजवळच्या गव्हाणात मी नवी आरोग्यसेविका होते आणि माझा आवाज चढायला वेळ लागत नसे. एका बाळंतिणीकडे गेले, तर बाळ रडत होतं आणि सासू त्याला कापसाच्या बोळ्याने गूळपाणी पाजत होती. आईचं पहिलं पिवळं दूध म्हणजे चीक. तो तिने सुनेला पिळून टाकायला लावला होता.

"नासका असतो तो, बाधतो," सासू म्हणाली.

मी तडकलेच. तशी तीही उसळली, "आमी पोरं नाय वाढवली काय?" आणि तोंड फिरवून बसली.

माझ्यासोबत गावातलीच अंगणवाडीबाई होती, मिठागरावर राबणाऱ्या घरातली. तिने गोठ्याकडे पाहत सहज विचारलं, "काकी, म्हस व्याली वाटतं. खरवस केला का नाय?"

सासू खुलली. "केला ना! पन आदी चीक रेडकाला पाजला."

"त्याला आदी कशाला?"

"मंग? चीक पोटात नाय गेला तं रेडकू जगंल काय?"

बोलली आणि थांबली. बाई नुसती रडणाऱ्या बाळाकडे बघत राहिली. मला जे ठाऊक होतं तेच तिलाही ठाऊक होतं. पण ते कुणाच्या तोंडून वदवून घ्यायचं, हे तिलाच कळलं होतं.

"घे गं त्याला पदराखाली," सासू सुनेला म्हणाली. मग गूळपाण्याची वाटी उचलली आणि स्वतःच पिऊन टाकली.