आत्या रस्ता सांगायच्या

माझं लग्न झालं तेव्हा निरवांगीच्या आमच्या घरी ट्रॅक्टर होता, म्हशी होत्या, नवऱ्याची मोटारसायकल होती, चारचाकी नव्हती. ती आली माझ्या लग्नानंतरच्या दुसऱ्या उन्हाळ्यात. इंदापूरच्या एका म्हाताऱ्या वकिलांनी विकायला काढलेली, सायीच्या रंगाची अँबॅसिडर. माझ्या सासऱ्यांनी घरात कुणालाही न विचारता ती ठरवली आणि एका दुपारी स्वतःच चालवत दारात आणून उभी केली. आमच्याकडे सासऱ्यांना मामा म्हणतात आणि सासूला आत्या. मी दोघांना तेच म्हणत आले.

मामा खाली उतरले, टोपी नीट केली आणि म्हणाले, "बघा, घावली का न्हाय झकास!"

आत्यांनी गाडीभोवती एक चक्कर मारली. दार उघडून पाहिलं, मागची सीट दाबून पाहिली, बाजारात मेंढा निरखावा तशी पुढून-मागून निरखली. मग म्हणाल्या, "अंगानं भरल्याली हाय. पर हिला खायला किती लागतं?"

मामांचं तरुणपण मेंढरांमागं गेलं होतं. दिवाळी झाली की कळप घेऊन घाटाखाली उतरायचं आणि पावसाच्या तोंडावर परत वर यायचं. आत्याही लग्नानंतर काही वर्षं तशाच चालल्या, घोड्यावर संसार लादून, पोटाशी माझ्या नवऱ्याला बांधून. पुढं शेतात पाणी आलं, ऊस झाला, डाळिंब झालं, मेंढरं विकली गेली. पण चालण्याचा विषय निघाला की मामा पाय लांब करून घोट्यांकडे बघायचे. "अर्धी हयात पायी गेली," म्हणायचे, "आता बसून जायाचं."

त्यांना येत होता ट्रॅक्टर, त्यामुळे अँबॅसिडरही ते ट्रॅक्टरसारखीच चालवत. दुसऱ्या गियरच्या वर क्वचित जात. समोरून कुणीही आलं की एक हात वर. गियरचा दांडा स्टिअरिंगच्या शेजारी होता आणि पुढची सीट सलग, बाकासारखी. तिच्यावर मामा, आत्या आणि मधे भाजीची पिशवी आरामात मावत. मागे मी, कधी शेजारच्या जावा, कधी बाजाराला निघालेलं कुणी. उन्हात तापलेल्या रेक्झिनचा, पेट्रोलचा आणि आत्यांच्या पिशवीतल्या मेथीचा मिळून एक वास असायचा. तो मला आजही कुठल्या जुन्या गाडीजवळ गेलं की ओळखीचा वाटतो. काचा हँडलनं खाली घ्यायच्या आणि उसाच्या पाटाचं गार वारं तोंडावर घ्यायचं. माझं माहेर माळेगावचं, वडील साखर कारखान्यात नोकरीला. लग्नाआधी मी सायकलीवर कारखान्याचा सगळा परिसर पालथा घातला होता, पण गाडीत मागं बसून कुणीतरी आपल्याला माहेरी नेतंय, हे सुख वेगळंच होतं.

त्या प्रवासांत एक गोष्ट मला खटकायची. आत्या गाडीत बसल्या की गप्प बसत नसत. घरात मोजकं बोलणारी बाई, पण गाडी सुरू झाली की तोंड सुरू.

"म्होरनं टॅक्टर येतोय. दोन टॅली हायत. जाऊ द्या त्येला... आता वळाण हाय... कुत्रं बसलंय, ऐका, कुत्रं... हां, आता मोकळं हाय."

मला वाटायचं, किती ही कटकट! मामा मात्र एका शब्दानं चिडत नसत. उलट "व्हय, व्हय" करत चालवत राहायचे. माझा नवरा इंदापूरच्या दूध केंद्रावर नोकरीला होता, रोज मोटारसायकलनं जायचा, गाडीत फारसा बसायचा नाही. मी एकदा त्याला म्हटलंही, "मामांची कमाल आहे. माझ्याशेजारी असं कुणी बोलत बसलं असतं तर मी गाडीतून उतरून गेले असते." तो हसला. त्यालाही काही कळलं नव्हतं.

कळलं ते उसाच्या सीझनमध्ये. कळसला मामांच्या बहिणीकडे आम्ही तिघं गेलो होतो. त्या बहिणीला बरं नव्हतं म्हणून आत्या तिथंच मुक्कामाला राहिल्या. मामा आणि मी परत निघालो. दुपार टळली होती, ऊन समोरून येत होतं. मी पहिल्यांदाच पुढं, आत्यांच्या जागेवर बसले होते आणि मजेत बाहेर बघत होते. मामा नेहमीपेक्षाही हळू चालले होते, मान पुढं काढून.

मध्येच म्हणाले, "म्होरं काय हाय गं?"

मला वाटलं, सहज विचारतायत. न बघताच म्हटलं, "काही नाही मामा."

आणि मग पाहिलं तर उसानं लादलेली बैलगाडी, बैल सोडून, रस्त्याच्या कडेला उभी. कडेला म्हणजे निम्मी रस्त्यावरच. उसाचे शेंडे सरळ आमच्या काचेवर येत होते. मी जीव खाऊन ओरडले, "मामा, गाडी! उजवीकडं घ्या!" त्यांनी चाक फिरवलं, ब्रेकवर उभे राहिले, आणि अँबॅसिडर रस्ता सोडून पलीकडच्या लसूणघासाच्या वावरात घुसली. वावर भिजवलेलं होतं. चाकं रुतली, इंजिन बंद पडलं. उसाची पात काच खरवडून गेली होती, बाकी कुणाला काही झालं नव्हतं.

मामांनी दोन्ही हात चाकावरून काढले नाहीत.

"लागलं का न्हाय तुला?"

"नाही मामा. तुम्हाला गाडी दिसली नाही का?"

ते चष्मा नसलेल्या डोळ्यांवरून हात फिरवून म्हणाले, "धुकं दिसतंय सगळं. पावसाळ्यापसनं."

"आत्यांना माहीत आहे?"

"तीच तर बघती. म्या निस्ता चाक फिरवतो."

इतके महिने मी, शेजारच्या बाया, सगळे त्या गाडीत बसून आलो-गेलो होतो. दोन माणसांनी मिळून ती चालवली होती, एकाचे हात आणि एकीचे डोळे, आणि मागं बसून मी त्याला कटकट म्हणत होते. मला हसू यावं की रडू, तेच समजेना.

वावराचा मालक आला, त्यानं बैल जोडून गाडी ओढून काढली. "तात्या, झोप लागली का काय?" त्यानं विचारलं. मामा म्हणाले, "व्हय, डुलकी लागली." रस्ताभर मग मी आत्यांसारखं बोलत राहिले. एकही झाड, एकही दगड सोडला नाही.

आत्या परत आल्यावर चुलीपुढं आमचं बोलणं झालं. मी म्हटलं, "आत्या, हे असं किती दिवस चालवणार होता तुम्ही?"

त्या भाकरी थापत होत्या. "डाक्टर म्हणतोय, आपरेशन करा. ह्यो गडी भेतोय. आन् पोरग्याला कळलं तर त्यो गाडी इकंल. मंग ह्यो अंथरूण धरंल, मला ठावं हाय." भाकरी तव्यावर टाकून त्या माझ्याकडे वळल्या. "तू सायकल चालवीत व्हतीस म्हनं माहेरी?"

"सायकल वेगळी, आत्या."

"येगळी कशी? हिला तर दोन चाकं जास्तीची हायत. पडायचं भ्याव न्हाय."

मी आधी नाहीच म्हटलं. पण रात्रभर तेच डोक्यात फिरत होतं, आणि सकाळी मामांना चहा देताना माझ्याच तोंडून गेलं, "मामा, गाडी मी शिकते. तुम्ही ऑपरेशन करून घ्या."

त्यांनी बशीतला चहा फुंकला. "आदी शिक. मंग डोळं कापतो. आपल्या गाडीतनंच दवाखान्यात जायाचं. येष्टीनं न्हाय."

नवऱ्याला सांगितलं तेव्हा त्याचा पहिला प्रश्न गाडीबद्दलचा नव्हता. "लोक काय म्हणतील?" असा होता. मग वडिलांच्या डोळ्यांचं सगळं ऐकल्यावर त्यानंच जाऊन माझं शिकाऊ लायसन्स काढायचं काम सुरू केलं.

गावामागच्या माळावर आमची शाळा भरायची. माझी उंची बेताची, म्हणून सीटवर घोंगडं दुमडून ठेवलेलं. क्लच इतका जड की पायाच्या पोटरीत गोळा यायचा. शेजारी मामा, ज्यांना फूटभराच्या पुढचं काही स्वच्छ दिसत नव्हतं, आणि मागं आत्या. मामा मला सगळं कानानं शिकवायचे.

"इंजन काय म्हणतंय?"

"आवाज करतंय."

"आवाज न्हवं, कण्हतंय. वझं झालंय त्येला. खालचा गियर टाक... हां. आता हसलं बघ."

मी गियर टाकताना दाताखाली खडा यावा तसा आवाज व्हायचा आणि मामा कळवळायचे, जणू त्यांचाच गुडघा मुरगळला. आत्यांची सवय जाता जात नव्हती. "डावीकडं बाभळ हाय. म्होरं खड्डा हाय. त्यो बघ, होला बसलाय, उडंल." मी म्हणायचे, "आत्या, मला दिसतंय!" त्या क्षणभर गप्प बसायच्या आणि पुन्हा सुरू व्हायच्या. माळाच्या कडेला गवत कापणाऱ्या बाया विळे खाली ठेवून बघत उभ्या राहायच्या. एकीनं हाक मारून विचारलं, "वयनी, आमाला बसवाल का?" त्या सगळ्यांना गाडीत कोंबून मी माळाला फेरी मारली, तेव्हा पहिल्यांदा वाटलं, येतंय आपल्याला.

लायसन्सची परीक्षा बारामतीला दिली. साहेबांनी आधी माझ्याकडे बघितलं, मग त्या एवढ्या थोरल्या गाडीकडे. "ही चालवणार?" म्हणाले. मी ती मागं घेऊन नीट दोन दगडांच्या मधे लावून दाखवली. त्यांनी कागदावर सही केली.

आणि मग ऑपरेशनचा दिवस आला. सकाळी लवकर निघालो. मामांनी धुतलेलं धोतर नेसलं होतं आणि ते नवऱ्या मुलासारखे ताठ बसले होते. नवरा मागं, आत्यांशेजारी. वाटेत एका वळणाच्या पुढं रस्त्यावर मेंढरं आली. मोठा कळप होता, सगळा रस्ता भरलेला, घोड्यांवर बिऱ्हाड, कोंबड्या, एक लहान पोर. मी गाडी थांबवली. मेंढरं चारी बाजूंनी गाडीला घासत उभी राहिली, हलेनात. मी हॉर्नकडे हात नेला तशी आत्यांनी मागून माझा खांदा धरला.

"भ्यातील ती. थांब."

त्या दार उघडून उतरल्या. पदर खोचला आणि जिभेनं टाळूवर एक वेगळाच आवाज काढला. इतक्या दिवसांत मी तो कधी ऐकला नव्हता. पुढच्या मेंढ्यानं मान उचलली. आत्या रस्त्याच्या डाव्या कडेनं चालायला लागल्या, तोच आवाज काढत, आणि सगळा कळप पाण्यासारखा त्यांच्या मागं एका बाजूला वाहत गेला. रस्ता मोकळा झाला. कळपातली बाई त्यांच्याजवळ आली, दोघी काहीतरी बोलल्या, तिनं आत्यांच्या हाताला हात लावला.

मामा काचेबाहेर मान काढून बसले होते. त्यांना नुसता लोकरीचा पांढरा-काळा ढीग हलताना दिसत असणार. ते खोल श्वास घेत होते. "भिजल्या लोकरीचा वास हाय," म्हणाले. "कुटंतरी नदी वलांडून आल्यात."

आत्या येऊन बसल्या तेव्हा त्यांच्या लुगड्याला लेंड्या लागल्या होत्या आणि चेहरा असा उजळला होता, की माझा नवरा आईकडे नुसता बघत राहिला. तो त्यांच्या पोटाशी बांधलेला असताना त्या रोज अशाच चालत असणार.

ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावर हिरवी पट्टी लावून मामा घरी आले, पुढं दुसराही डोळा झाला, जाड भिंगांचा चष्मा आला. पहिल्यांदा चष्मा लावून ते अंगणात आले आणि गाडीजवळ गेले. "अगं," म्हणाले, "हिला एवढं पोचं कवा आलं?" आत्यांनी पदराआड हसून माझ्याकडे बघितलं.

मला वाटलं, आता ते पुन्हा चाक हातात घेणार. घेतलंही. माळावर दोन-तीन वेळा चालवली, आणि एकदा बारामतीला निघताना किल्ली माझ्यापुढं धरली. "तूच घे."

"का मामा? आता तर दिसतंय."

"म्हणून तर. दिसतंय तर बघू दे की मला."

पुढची सगळी वर्षं ते शेजारी बसून बाहेर बघत आले. कुणाचा ऊस तुऱ्यावर आलाय, कुठल्या माळावर यंदा गवत दाट आहे, कुठल्या विहिरीवर नवी मोटर बसली, सगळं त्यांना दिसायचं. मी त्यांना दवाखान्यात नेलं, लग्नांना नेलं. गावातल्या दोन बाळंतिणींना त्या गाडीत मागं झोपवून इंदापूरला पोचवलं. त्यांतल्या एकीची तेव्हा झालेली मुलगी आता नोकरीला आहे आणि भेटली की तिची आई ते सांगितल्याशिवाय राहत नाही.

दहा-बारा वर्षांनी गाडी थकली. पत्रा खालून गंजला, सामान मिळेना, मिळालं तर लांबून आणावं लागे. नवऱ्यानं नवीन लहान गाडी घेतली. अँबॅसिडर बघायला एक जण बायकोला घेऊन आला. लग्नात नवरदेवासाठी भाड्यानं द्यायची होती त्याला. मामा चांगलं तेवढं सांगत होते. आत्या त्या बाईला बाजूला घेऊन बाकीचं सांगत होत्या, "गार असली की लवकर सुरू हुईत न्हाय. पावसात मागनं पाणी येतं. आदीच सांगून ठिवते." मामांनी दोनदा खाकरून बघितलं, पण त्या थांबल्या नाहीत. त्या माणसानं तरीही घेतली.

ती संध्याकाळी गेली. त्यानं गियर टाकताना खरखर केली तसे मामा पुटपुटले, "सावकाश, बाबा." आवाज पाटावरच्या पुलापर्यंत ऐकू येत होता, मग ऊस आडवा आला. म्हशी हंबरायला लागल्या होत्या, आत्या दुधाची चरवी घ्यायला आत गेल्या. नवऱ्यानं विचारलं, "वाईट वाटलं का गं?"

"हो," मी म्हटलं, "खूप वाटलं." आणि मग आम्ही दोघांनी मिळून, गाडी उभी असायची तिथली तेल गळून काळी झालेली माती खोऱ्यानं ओढून काढली.